कोटाच्या मापात शिरलेली पिसू

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा एका पायावर उभं राहून नमस्कार (दुसऱ्या पायाने पहिला खाजवतो आहे).

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. घाई करू नकोस, सावकाश चालू लाग. आमचं म्हणशील तर तू सांभाळायला दिलेलं मांजर मजेत आहे, आम्हीच तेवढे मजेत नाही. दुकानात पिसवा झाल्यात. काळ्या, तिळाएवढ्या, आणि चावून पसार होण्यात इतक्या तरबेज की जन्मभर सुईत दोरा ओवणारे माझे डोळेही फसतात. तुझी भावजय दिवसातून तीनदा फरशी पुसते आणि दर वेळी तुझी आठवण काढते (कोणत्या शब्दांत ते लिहीत नाही).

पण खरा घोर वेगळाच आहे. आपले हेडमास्तर पुढच्या शनिवारी निवृत्त होतायत. समारंभाचा कोट शिवायला ते चौकातलं काचेच्या दारांचं नवं टेलरिंगचं दुकान सोडून माझ्याकडे आले. "माझ्या विद्यार्थ्याच्या हातचा घालीन," म्हणाले. ताई, मला भरून आलं गं. त्याच भरात टेप काढली. बाबांची शिस्त तुला ठाऊकच आहे: आपण माप घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, बायकोने वहीत लिहायचं, आणि घेतलेलं माप पुन्हा घ्यायचं नाही (दोनदा मापलं की गिऱ्हाइकाला शिंपी शिकाऊ वाटतो). टेप पोटावर आली आणि नेमकी तेव्हाच पिसू चावली असणार. चारचौघांत पोटरी खाजवणं सरांच्या स्वभावात नाही. त्यांनी नुसता श्वास आत ओढला आणि पोट पाठीला लावून उभे राहिले. मी ओरडलो, "अडतीस!" हिने अडतीस लिहिलं, मी कापड कापलं. काल हिने सहज वहीची मागची पानं उलटली, तर सरांच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या जाकिटाला पोट बेचाळीस!

कापड सरांच्या लेकीने लांबून पाठवलेलं, तसं इथे मिळत नाही. शिवणीत दाबून ठेवलेलं सगळं सोडलं तरी दोनच इंच निघतात. उरलेले दोन इंच सरांनी कुठे ठेवायचे? शुक्रवारी ते ट्रायलला येतायत.

बाकी सगळं ठीक (बाकी असं काही उरलेलंच नाही). भावोजींना नमस्कार.

ता. क. तू सरांची लाडकी. त्यांना चार ओळी लिही, की मांजर तुझं आणि पिसवाही तुझ्याच. आजारी माणसावर ते रागावणार नाहीत.

ता. ता. क. आत्ताच जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही. निघाल्या त्या ट्रायलच्या जागेतल्या गालिच्यात, जिथे दुपारी शेजारच्या बेकरीचा कुत्रा झोपतो (मीच झोपू देतो). तरी तू लिहिशील ना, आणि हा कोट घालू नका असंही? सर रागावतील म्हणून मी घाबरत नाही गं. ते "असू दे रे" म्हणतील, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या शाळेसमोर बटणं न लावता तोच कोट घालून उभे राहतील. ते मला बघवणार नाही.