तीन वाजताची लाइट

आबा, गेले चार दिवस मी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. मंचरला माझ्या वर्गात जी नवी मुलं-मुली येतात, त्यांच्यापुढे लिनक्सची काळी खिडकी उघडली की त्यांचे हात आखडतात. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता लुकलुकणारा कर्सर. त्यांच्यासाठी आठ पानं. इतकी वर्षं हे काम करते आहे, त्यामुळे काय सांगायचं ते मला पक्कं माहीत आहे आणि ते मला चांगलं सांगता येतं. अडचण एवढीच की सूचना लिहून झाली की ती तुमच्या आवाजात ऐकू येते, आणि तुम्ही तर जन्मात कधी कीबोर्डला बोट लावलं नाही.

पहिली सूचना pwd ची. आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत, हे आधी यंत्राला विचारायचं. मी दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ह्यात शिकायचं काय? शिडी लावायच्या आधी आमी पोलाचा नंबर बघतोच की." दुसरी सूचना पुसण्याची. rm लिहिण्याआधी त्याच जागी ls लिहा, काय काय जाणार आहे ते डोळ्यांनी बघा, कारण इथे कचऱ्याची टोपली नाही. गेलं ते गेलं. तिसरी root ची. ज्या खात्याला सगळे अधिकार आहेत त्याचा पासवर्ड कुणाच्या घाईपोटी देऊ नका. हे लिहिताना मला तुमचा खाकी शर्ट दिसतो, खिसे खाली ओघळलेले.

मी सातवीत आहे. ओझरच्या रस्त्याला सायकलवरून तुमचा डबा घेऊन आले आहे. तुम्ही डीपीवरचे, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवरचे, तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकलेत आणि पोलाला शिडी लावताय. शेजारच्या रानातला एक बागायतदार फावडं घेऊन उभा आहे.

"भाऊ, धा मिनटं सोडा की. निम्मा वाफा भिजलाय, निम्मा कोरडा."

तुम्ही खिसा थोपटता. "फ्यूज हितं हायेत. मी खाली आलो की तुमची लाइट."

"तुमाला काय, पगार चालू हाय."

"मंग तुमी चढा राव. मी वाफा भिजवतो."

तो हसतो आणि बांधावर बसतो. मला वाटतं आपणही काहीतरी उपयोगाचं बोलावं. मी म्हणते, "आबा, लाइट खरंच गेलीय. घरचा पंखा बंद होता. चढा बिनधास्त." तुमचा एक पाय शिडीवर असतो. तो तुम्ही खाली घेता. "घरचा पंखा बंद दिसला म्हंजी ही तार मेली का? दुसऱ्या डीपीची लाइन हितं कुणी जोडली आसंल तर? तुज्या सांगण्यावर मी वर जाऊ?" त्या माणसासमोर बोलणी बसली म्हणून मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. त्या दिवशी तुम्ही शिडीवरून माझ्याकडे न बघता आधी तारेला टेस्टर लावलात, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

निवृत्तीच्या आधीचा तो आठवडा आता लिहायला हवा. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. जुना, जोडजाड केलेला कंप्युटर घरी आला होता आणि एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी त्यात लिनक्स घातलं होतं. तुमच्या जागी आळे गावचा एक नवा वायरमन येणार होता. कोणत्या पोलावर दोन डीपींच्या तारा येतात, कुठे एक बंद केली तरी दुसरी जिवंत राहते, कोणता पोल तळाशी कुजलाय, हे कुठल्याच नकाशात नव्हतं. फक्त तुमच्या डोक्यात होतं. "न्हाई सांगितलं तर त्यो पोरगा मरंल," एवढंच तुम्ही म्हणालात. मग सहा दिवस रोज संध्याकाळी तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर नीट उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी, गावागणिक एक फाइल.

सातव्या दिवशी दुपारी मी एक चूक दुरुस्त करायला तुमच्या फोल्डरमध्ये गेले, मग जेवायला उठले. परत आले तेव्हा माझ्या सरावाच्या फाइली पुसायच्या होत्या. खिडकी उघडीच होती. मी rm लिहिलं, पुढे चांदणी टाकली, म्हणजे इथलं सगळंच, आणि एंटर दाबलं. मी माझ्या फोल्डरमध्ये नव्हते. यंत्राने काही विचारलं नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

सहा दिवसांचं काम गेलं होतं आणि नवा माणूस परवा येणार होता. तुम्ही दिवेलागणीला आलात, तेव्हा मी दारातच सांगितलं, "आबा, लाइट गेली आणि सगळ्या फाइली उडाल्या."

"किती वाजता?"

"तीनच्या सुमारास."

कंप्युटर जाणणाऱ्या कुणालाही कळलं असतं की साठवलेल्या फाइली अशा सगळ्याच्या सगळ्या उडत नाहीत. तुम्हाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण तुम्ही पाय धुवायला गेलात तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुम्ही दिवसभर सबस्टेशनलाच होतात. आपल्या गावाला लाइट देणाऱ्या फीडरची, तो चालू की बंद, दर तासाची नोंद त्या दिवशी तुमच्याच हाताने झाली होती.

तुम्ही शर्ट खुंटीला लावलात. "चहा टाक. पयल्यापासनं लिव." बास, एवढंच. मोबाइल वाजला तो उचलला नाही, शेजारचे आले त्यांना "उद्या या" म्हणालात. दोन दिवस आपण बसलो. घाईत एखादा पोल राहिला का, हा प्रश्न मला अजून पडतो. नव्या वायरमनला काही झालं नाही. पण त्यावरून काही राहिलं नव्हतं, असं ठरत नाही.

शेवटची फाइल संपली असं मला वाटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजून एक लिव. हे पयल्यांदा सांगायचं ऱ्हायलं व्हतं. लाइट गेली आसं कुणी सांगितलं तर खरं धरायचं न्हाई. सोता टेस्टर लावायचा. सांगणारं घरचं माणूस आसलं तरी." मी टाइप केलं. मान वर केली नाही. फाइल साठवली, मग pwd लिहिलं, मग ls, आणि सगळी नावं तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही नुसती मान हलवलीत, आणि त्यानंतर तो विषय आपल्या घरात कधी निघाला नाही.

पुस्तिकेतली शेवटची सूचना हीच आहे: फाइल आहे, फाइल गेली, असं कुणीही सांगो, आधी स्वतः बघा. मुलं विचारतात, मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात? मी आजवर "अनुभवाने" असं सांगत आले. या वेळी सूचनेखाली "एका वायरमनकडून" असं लिहिलं आहे. पुस्तिका उद्या छापायला जाईल. हे पत्र जाणार नाही. ते तुमच्या त्याच फोल्डरमध्ये राहील, आणि तो कोणता ते मी दोनदा बघून घेतलं आहे.

आबा, त्या दिवशी तीन वाजता लाइट होती. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.