झामानंतरचा हॅनिबल

३ मार्च
कोर्टाचा निकाल लागला. हरलो! गावचा झरा पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्याचाच. दोन वर्षं अख्ख्या गावाला घेऊन रस्त्यावर बसलेला माझा धाकटा भाऊ, नासेर, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

५ मार्च
पोरं त्याला खांद्यावर घेऊन 'हॅनिबल, हॅनिबल' ओरडायची. आज पाव आणायला गेला तर कॅफेतून — "काय हो हॅनिबल, हत्ती कुठं गेले?"
पाव न घेताच परतला.

९ मार्च
नववीला झामाची लढाई शिकवली. कार्थेजच्या हॅनिबलनं हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून रोमनांना त्यांच्याच देशात वर्षानुवर्षं धाकात ठेवलं — आणि हरला तो इथं, आपल्या या घरच्या मातीत! मागच्या बाकावरून एक पोरगी — "बाई, मग मेला का तो?"
नाही गं. माणूस पाहावा तो त्यानंतरचा!
जेवताना नासेरला सांगितलं. कार्थेजच्या सभेत एकजण उठला, लढाई चालूच ठेवा म्हणाला. हॅनिबलनं त्याला धरून खाली ओढलं! मग माफी मागितली — लहानपणीच घर सोडलं, छावणीत वाढलो, तुमच्या रीती मला ठाऊक नाहीत. पण तह करा. स्वतःच्या तोंडानं म्हणाला हे! सांगताना माझ्याच अंगावर काटा.
नासेरचा घास हातातच. "ताई, लाज नसेल वाटली त्याला?"
"वाटली असेल की. तरी बोलला."

१२ मार्च
कॅफेत आंदोलनातला एक पोरगा, गाझी, खुर्चीवर चढून ओरडत होता — कारखान्याचा पंपच जाळू! नासेर आत शिरला. दंड धरून त्याला खाली उतरवलं. "हरलोय आपण. मी हरलोय. पण एकही पोरगं तुरुंगात जाऊ देणार नाही. मालकाकडं जाऊ, निदान सकाळचं पाणी मागू."
मग मुबारका मावशी, गाझीची आजी — "बस रे बाबा. आधी चहा घे."
हा माझा नासेर? याच्या बुटाच्या नाड्या मी बांधायचे!

१३ मार्च
मालक कबूल! सकाळचं पाणी गावाला. सह्या शुक्रवारी.

१५ मार्च
पहाटे आम्ही दोघं अंगणात कॉफी पीत होतो. पंपाकडून धूर दिसला. थोड्या वेळानं मावशी धावत आली — गाझीचे हात भाजलेत.
नासेरनं कप खाली ठेवला. चालत ठाण्यात गेला. म्हणाला, मीच जाळला.