नमूने तुला काय म्हणावं

नाशिक,
ता. ११ डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या मैनेचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय हो, मास्तरीण खूश आहे! हे पत्र मात्र भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरं मीच तुला शिकवली आहेत, तेव्हा वेळ लागला तरी एकेक ओळ लावून तूच वाच.

मी मजेत आहे. तू म्हणशील, क्षयाच्या दवाखान्यात कसली आलीय मजा? पण खरंच. सकाळी आमच्या खाटा ओसरीत काढतात. समोर माळ, पलीकडे त्र्यंबककडचे डोंगर. दुपारी बारीक ताप चढला की ते डोंगर हळूहळू जवळ येतात. अंगाला वजनच राहत नाही. गोदेच्या पाण्यात पाठीवर पडून कुठेतरी चालले आहे असं वाटतं, आणि वर आभाळही माझ्याबरोबर वाहत असतं. शेजारच्या खाटेवरची भिमाबाई मग हलवून विचारते, "कुठं निघाली गं बाई, आमाला सोडून?"

ही भिमाबाई पेठकडची. तिची गंमत सांगते. इथले डॉक्टर आठल्ये संशोधन करताहेत. लांबलेलं दुखणं माणसाच्या मनाचं आणि मेंदूचं काय करतं, हे त्यांना शोधायचं आहे. रोज सकाळी प्रत्येकीला विचारतात, झोप लागली का, स्वप्नं कसली पडली, मन कसं आहे. एकदा ते नर्सला म्हणाले, छातीचं हे दुखणं बळावलं की कधीकधी रोगी उगीचच आनंदी होतो. ते भिमाबाईच्या कानावर गेलं, मग काय विचारतेस! दुसऱ्या दिवशी सगळा वॉर्ड दुःखी. कालपर्यंत ओव्या म्हणणाऱ्या बाया कण्हायला लागल्या. दूध पातळ, खाट टोचते, सून वाईट. भिमाबाईने तर कपाळाला हात लावला. "डाक्टर, म्या लय दुखी हाय. नीट लिवा." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात तोच हिने हसू दाबायला तोंडात पदर कोंबला.

बिचारे माझ्याकडे आले. "मैनाबाई, तुम्ही तरी खरं सांगा."

मी म्हटलं, "मी सुखात आहे."

त्यांनी मान वर केली नाही, लिहीत राहिले. मग मीच विचारलं, "हे सुख माझं, की दुखण्याचं?" भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "तेच तर मला कळत नाहीये."

अक्का, वजन पुन्हा उतरलं आहे. दिवाळीला घरी येणार होते, ती झाली. मग संक्रांत म्हणत होते. आता कुठला सण धरायचा, ते मी सोडून दिलं आहे. रडू नकोस. मला भीती वाटत नाही, आणि नेमकं तेच डॉक्टर लिहून घेतात.

इकडचं तिकडचं लिहीत मी तुझा प्रश्न टाळला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या नमूचे वडील गेले, मी इथे आले, ती तुझ्याकडे आली, तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. आता केस विंचरताना ती तुला 'आई' म्हणाली. तू दटावलंस, "तुझी आई नाशिकला आहे. मी मावशी." मग ती जेवलीच नाही. पुन्हा म्हणाली तर काय करू, असं तू विचारतेस.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी तापात तरंगत होते. मनात आलं, म्हणू दे की! त्यात काय? आणि लगेच घाबरले. उन्हाळ्यात तू नुसतं 'आमची नमू' लिहिलंस, तर मी किती दिवस तुझ्यावर धुमसत होते! मग आता एवढा मोठेपणा कुठून आला? तुला मूल नाही, हे आपण दोघी कधी बोलत नाही. माझी मुलगी तुझ्या पदरात घालायची तर ती मी घालायला हवी. तापाने घातलेली मुलगी तुलाही नको असेल.

म्हणून उत्तर लांबवलं. सकाळी ताप नसतो. डोंगर आपल्या जागी असतात, डोकं निवळलेलं असतं. आज तशी सकाळ मिळाली. डोळे मिटले आणि ऐकलं. नमू अंगणातून धावत येतेय, दारातूनच ओरडतेय, "आई, भूक लागली!" आणि आतून तू म्हणतेस, "आले गं राणी."

दुखलं, अक्का. इतकं दुखलं की भिमाबाई उठून आली आणि काही न विचारता माझा हात धरून बसली. खोकला नव्हता, ताप नव्हता. हे माझं स्वतःचं दुखणं होतं. पोटभर रडले, आणि रडून झाल्यावरही उत्तर तेच राहिलं.

फेरीला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आज मन कसं आहे?" मी म्हटलं, "फार वाईट आहे. आणि मी भिमाबाईसारखं सांगत नाहीये." या वेळी त्यांनी लिहायचं थांबवून मान वर केली.

तिला आता दटावू नकोस. हाक आली की ओ दे. हातातलं काम टाकून दे.

रविवारी तिला घेऊन ये. फाटकाच्या आत आणू नकोस. मी ओसरीतून पाहीन. तिचा हात तू धर.

भाऊजींना नमस्कार. नमूला अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण
आणि नमूची मावशी,
मैना