ओव्हनचं कव्हर

तीर्थरूप आईस,

पाया पडतो. माझं बोटसुद्धा भाजलेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

तू शिवलेलं झालरीचं कव्हर मिळालं. मी माप तीनदा घेऊन कळवलं होतं, म्हणून ते ओव्हनवर अगदी घट्ट बसलं. तिथेच चूक झाली. या ओव्हनमध्ये कॉम्बिनेशनचं बटण दाबलं की मायक्रोवेव्ह आणि ग्रिल एकदम चालतात आणि गरम वाफ मागच्या जाळीतून बाहेर पडते. मी पुढची झालर वर करून बटाटे भाजायला ठेवले. पाच मिनिटांत जळका वास आला.

माझ्यासोबत खोलीत राहणारा सुतार ओरडला, "अरे शहाण्या, भट्टीला स्वेटर घातलास?"

मी लगेच बटण बंद करून प्लग काढला. गार झाल्यावर घरमालकीणबाईंनी ओव्हन तपासला. तो शाबूत आहे. "झाकू नकोस, मागे वीतभर जागा ठेव," एवढंच म्हणाल्या. आता मी रोज वीत लावून बघतो.

कव्हरचा एक कोपरा मात्र तपकिरी झालाय. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तू ते शिवलंस, म्हणून हे लिहायला चार दिवस लागले. थेंब वेळेवर घालतेस ना? ताई आठवण करून देते का?

कव्हर मी माझ्या ट्रंकेवर चढवलंय. ट्रंकेला काही श्वास घ्यावा लागत नाही. सुतार म्हणतो, "माझ्याही ट्रंकेचं माप कळव की!"

मी सांगितलं, आधी आईचे डोळे.

तुझा,
धाकटा