लेकीकडं रक्त तपासायचं नाही म्हणे

१४ एप्रिल, पडेगाव
आजही टँकर नाही. नळ कोरडा. समोर नवी बारा मजली इमारत उठतेय, तिच्या बांधकामावर मात्र पाण्याचा पाइप दिवसभर सुरू. कुणाला बोलायचं?
ह्यांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडं गेले. जर्मनीला लेकीकडं, सोनालीकडं तीन महिने जातोय म्हटल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितलं. झडप कृत्रिम आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, तिथंही दर तीन आठवड्यांनी रक्त तपासा. चुकवलं तर झडपेवर गुठळी धरेल, मग अर्धांगवायू. आणि पालेभाजी एकदम वाढवू नका, गोळीचा असर कमी होतो. हे मान डोलवत, "व्हय डॉक्टरसाहेब, व्हय."
मला हसू आलं. पालेभाजी! ह्या दुष्काळात मेथीची बरी जुडी दिसत नाही. महिनाभर पिठलं नाहीतर मटकी.

२ मे, सोनालीकडं
पोचलो. थंडी आहे. नळ सोडला की पाणी. मी सवयीनं पातेली भरून ठेवली, सोनाली हसत सुटली. फ्रिज पालकानं गच्च. हे रोज पालकाचं गरगट्टं मागतात, मीही करते. लई दिवसांनी मिळालं, म्हणतात. खाऊ दे.

९ मे
तपासणीचा दिवस जवळ आला. इथं आपल्यासारखं नाही, की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये हात पुढं केला नि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. आधी डॉक्टरची वेळ, मग रक्त. जावई प्रशांतराव, त्यांनी धडपडून वेळ मिळवली. उद्या अर्धी सुट्टी टाकून नेणार आहेत. गुणी आहे पोरगा.

१० मे
गेलेच नाहीत! सकाळी म्हणे डोकं दुखतंय. प्रशांतरावांची सुट्टी फुकट. आणि दुपारी डोकं थांबलं, बागेत फिरून आले. संताप संताप.

१२ मे
हे म्हणाले, "आपल्या डॉक्टरला फोन केला व्हता. सहा आठवडं तपासलं नाय तरी चालतंय म्हन्ले."
मला पटेना. मीच दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, काकांचा फोनच आला नाही. आणि सहा आठवडे? डॉक्टर रागावतील."
खोटं बोलले. माझ्याशी. एवढ्या वर्षांच्या संसारात.
लेकीच्या घरात पहिल्यांदा आवाज चढवला. तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं: "जावयानं माझ्यापायी सुट्ट्या टाकायच्या? सासरा म्हून आलो का दुखणेकरी म्हून? पाव्हण्यारावळ्यांत काय त्वांड दाखवू?"
ह्यांचे वडील लेकीच्या गावचं पाणी पीत नसत, पैठणहून स्वतःच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन जायचे. तेव्हा हेच त्यांना हसायचे. आता तोच हट्ट, फक्त पाण्याच्या जागी रक्त. सोनाली दाराआड उभी होती, सगळं ऐकलं तिनं. रडली. बाबांना मी परकी झाले का, म्हणाली. हे भिंतीकडं बघत बसले. इतकी चीड आली की जेवलेच नाही.

१५ मे
शेवटी नेलं. सोनालीनं हात धरून गाडीत बसवलं, तेव्हा गेले. रिपोर्ट वाईट. रक्ताच्या पातळपणाचा आकडा अडीचच्या वर हवा, आला दीड. डॉक्टरीण शांत, पण भुवया वर. सोनाली तिचं बोलणं मराठीत सांगत होती: खाण्यात काही बदल?
हे लगेच, "काय नाय, घरचंच जेवण."
मी म्हटलं, तिला पालक सांग. दोन-दोन वाट्या, रोज. डॉक्टरिणीनं कपाळाला हात लावला. मीही. मीच तर रांधत होते! कुणावर चिडू?
गोळी वाढवली. आठवड्यानं पुन्हा रक्त. आकडा वर येईपर्यंत विमान नको म्हणाली.

१९ मे
आज सोनाली सांगत आली, बाबांनी प्रशांतला परतीचं तिकीट अलीकडं आणायला सांगितलंय. दुसऱ्या तपासणीच्या आधीचं. मला सांगायचं नाही, असंही बजावलंय. प्रशांतराव बिचारे गडबडले, सासऱ्याला नाही कसं म्हणायचं. त्यांनी सोनालीला सांगितलं.
मी खोलीत गेले, दार लावलं. हे मोजे घालत होते.
"जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"
दुसरा मोजा हातातच राहिला. मग म्हणाले, "इथं काय झालं तर लेकीच्या दारातून न्यायला लागंल मला. जावयाच्या खांद्यावर. आपल्या गावात जाऊन काय व्हायचं ते व्हऊ दे."
म्हणजे हे सगळं ह्याच्यासाठी. लपवाछपवी, डोकेदुखी, खोटा फोन. मेल्यावरची व्यवस्था! आणि विमानात, ढगांत तोंड वाकडं झालं असतं, तेव्हा शेजारी कोण होतं? मी. ते ह्यांच्या हिशोबात नाहीच.
"कुठं मरायचं ते एकट्यानं ठरवलंत," म्हटलं, "मला विचारलंत?"
त्यांच्या बॅगेतून पासपोर्ट काढला नि माझ्या पर्समध्ये टाकला. त्यांच्यासमोर.

२२ मे
रक्त दिलं. आपणच गाडीत जाऊन बसले. सुई टोचताना प्रशांतरावांनी खांद्यावर हात ठेवला, ह्यांनी तो झटकला नाही.
संध्याकाळी मला विचारलं, "गुठळी झाली तर बोलता येत नाय का?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "कधी कधी येत नाही," म्हटलं.
"मग तुला हाक कशी मारायची?"
मी भाजी निवडायचं नाटक केलं. दुधी होता, निवडायला काही नव्हतंच.
डॉक्टरीण आज नव्हती, रिपोर्ट उद्या. तिकीट अजून तसंच आहे, ना बदललं ना रद्द केलं. पासपोर्ट माझ्याकडं. आकडा चांगला आला तरी लगेच देईन असं नाही. राग आहे अजून.