बोट अजून बंद आहे

१६ जानेवारी, गुरुवार

गेला! सकाळच्या बोटीने, डबा न घेता. डबा ओट्यावर तसाच. मेथीचे पराठे होते. एवढं भांडण होऊनही त्याला आवडतात म्हणून लवकर उठून लाटले. आता मीच खाते बसून.

लोकांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, घरात ‘अरे’, आणि या वहीत तो नुसता गोविंद. तर गोविंदचं म्हणणं असं, की गंगापूर रोडचा हा फ्लॅट विकायचा आणि धरणापलीकडे आम्ही दोन खोल्या बांधल्यात तिथे कायमचं राहायला जायचं. रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी बोटीने पलीकडे जातो, झाडांना पाणी घालतो, पक्षी बघतो, शनिवारी परत. आता म्हणे परत यायचंच कशाला! वरच्या मजल्यावरच्या डॉ. उज्वलाला कळवणच्या सासू-सासऱ्यांसाठी फ्लॅट हवाच आहे. तिला रविवारी उत्तर द्यायचंय.

काल म्हणाला, “तुझं काय ते एकदा सांग.” मी म्हटलं, मला माहीत नाही. “म्हणजे नाही?” नाही म्हणजे नाही असं नाही रे! चिडला. “शनिवारी आलो की बोलू. शेवटचं.” शेवटचं म्हणजे काय? आणि हे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. गोड बोला म्हणे!

पण खरंच मला माहीत नाही. पलीकडे मला आवडत नाही असंही नाही. सकाळी पाण्यावर धुकं असतं, ते बघत राहावंसं वाटतं. पण मग दिवसभर काय? दोन खोल्या आणि दोन माणसं. इथे निदान रागावून आत जायला दुसरी खोली आहे, ग्रंथालय आहे, माझ्या मैत्रिणी आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

हे काय भलतंच! पुलावर टँकर उलटला. सगळं काळं तेल धरणाच्या पाण्यात. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून नुसता गोंधळ. पाणी भरून ठेवा, पाणी पिऊ नका, पाणी येणारच नाही, पाण्याला वास येतोय. मी तीन वेळा नळाचं पाणी हुंगलं. पहिल्यांदा आला वास, नंतर नाही, मग पुन्हा आला. खालच्या पिंकीने तर बाथटबसुद्धा भरून ठेवला. त्या घरात बाथटब आहे हेच मला आज कळलं!

शेवटी महापालिकेने कळवलं की तेल मध्येच अडवलंय, शहराचं पाणी उपसतात तिथवर आलेलं नाही. पण येऊ नये म्हणून सगळ्या बोटी बंद. होड्या, मासेमारी, फेरीची बोट, सगळं. पुढची सूचना मिळेपर्यंत.

दुपारी गोविंदचा फोन. “अगं, अडकलो. बोट बंद, पूलही तेलाने निसरडा झालाय म्हणून बंद.” मी म्हटलं, अरे देवा. आणि मनातून काय वाटलं? हायसं! शनिवारी बोलणं होणार नाही म्हणून हायसं. नवरा पलीकडे अडकलाय आणि बायकोला हायसं वाटतंय. मला झालंय तरी काय?

१८ जानेवारी, शनिवार

आला नाही. येणार नव्हताच. तरी दोघांचा भात लावला.

२० जानेवारी, सोमवार

धक्क्यावर जाऊन आले. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात आणि थंडी तर विचारू नका. गोळ्या, स्वेटर आणि कानटोपी पिशवीत घालून रिक्षाने गेले.

धक्क्यावर पोलीस, दोरी बांधलेली, बोटी एका रांगेत गप्प उभ्या. वास मात्र पेट्रोलपंपावर यावा तसा. आमचा नेहमीचा बोटवाला सहादू सखुबाईच्या चहाच्या टपरीवर बसला होता. त्याला म्हटलं, अरे, एक चक्कर मारलीस तर काय बिघडेल? “नाय ताई. बोट हालली की लाट उठती. लाट उठली की ते तेल पट्ट्याखालून निसटतंय. मंग बसा बोंबलत!” पाण्यावर फुगीर पिवळा पट्टा तरंगत होता, या काठापासून लांबवर गेलेला. त्याच्या एका बाजूला काळं, तुकतुकीत पाणी. निफाडकडून ट्रॅक्टर भरून उसाच्या चिपाडाचा भुसा आणलाय, तो पोत्यांत भरून पाण्यात सोडतात. भुसा तेल पितो. सहादू आता तेच काम करतो, सफाईच्या बोटीवर. तेवढ्या एकाच बोटीला परवानगी आहे आणि तीसुद्धा हळूहळू वल्ही मारत.

“माणूस न्यायला मनाई हाय. पिशवी नेतो मी,” म्हणाला. पिशवी दिली. पलीकडे आमच्या घरावरची निळी टाकी बारीकशी दिसत होती. बराच वेळ बघत उभी होते. हात हलवावा असं वाटलं. मग वाटलं, काय वेडेपणा, टाकीला हात हलवतेस की काय!

२२ जानेवारी, बुधवार

पूल सुरू झाला. पेपरात पहिल्या पानावर. उज्वला जिन्यात भेटली. “काकू, काका आता येतील ना? सासूबाई रोज विचारतात हो.” पोरगी चांगली आहे, आपला आग्रह नाही काही. पण मी ‘बघू’ म्हणून पटकन जिना उतरले.

गोविंदला फोन केला. अरे, पूल सुरू झाला! “हो का? पण एसटीला फाट्यापर्यंत चालत जायला लागतं गं. गुडघा दुखतोय. बोट सुरू झाली की येतो आरामात.” बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

२३ जानेवारी, गुरुवार

गुडघा!! दिवाळीत हा माणूस ब्रह्मगिरी चढून आला.

आणि मी तरी रिक्षा करून पुलावरून गेले का? नाही गेले. का नाही गेले? 

२६ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. दरवर्षी गोविंद आतल्या खोलीत कोंडून घेतो आणि मध्येच बाहेर येऊन “चहा मिळेल का” विचारतो. या वर्षी सगळं घर माझं! सोफे सरकवले, त्याच्या टेबलावर वाणाच्या पिशव्या मांडल्या, दुर्बीण कपाटात टाकली. खूप बायका आल्या. जी ती विचारत होती, साहेब कुठे? बोट बंद आहे ना, पलीकडे अडकलेत. सगळ्या हळहळल्या. मग उखाण्याचा आग्रह. मी उभ्या उभ्या जुळवला—

“धरणात सांडलं तेल, काठाला थांबली बोट,
गोविंदरावांचं नाव घेताना हसतात माझे ओठ!”

काय हसल्या! मीही हसले. भांडी आवरताना लक्षात आलं की ओठ खरंच हसत होते. आता हे नाव घेताना हसत होते, की तो इथे नाही म्हणून? हळदीकुंकू लावायचं नवऱ्याच्या नावाने आणि तो घरात नाही म्हणून खूश व्हायचं, असं कुठे असतं का? बरं, खूश म्हणावं तर सगळ्या गेल्यावर सोफ्यावर बसून रडले. मला माझंच कळेनासं झालंय.

२७ जानेवारी, सोमवार

गोविंद फोनवर किती बोलला! काठावर तेलात माखलेली बदकं सापडतात. गावातली पोरं आणि तो मिळून त्यांना भांड्याच्या साबणाने धुतात. “एकाने तर चावून चावून बोट लाल केलं गं! धुऊन झाल्यावर चूल पेटवून शेजारी टोपलीत ठेवलं, तर पठ्ठ्या झोपला!” सांगताना हसत होता. असा हसलेला कधी ऐकला होता? आमची इरा लहान होती तेव्हा असेल.

मीही त्याला उखाणा ऐकवला. “वा! छापायला दे,” म्हणाला. पुढे म्हणाला, आपण लावलेल्या पेरूला पहिल्यांदा फळं धरलीत. “पाडाला आलेत. पहिले तुलाच आणतो.” फ्लॅटबद्दल अवाक्षर नाही. त्यानेही नाही काढलं, मीही नाही.

समोरासमोर असतो तर एवढ्यात तीनदा भांडलो असतो.

२९ जानेवारी, बुधवार

पुण्याहून इराचा फोन. “आई, तुम्ही भांडलात का?” नाही गं, बोट बंद आहे. “अगं पण पूल आहे ना?” आहे. “मग?” बाबांचा गुडघा. “आणि तुझा?” आगाऊ कार्टी! म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध नव्हतंच गॅसवर.

मग पुन्हा तिचा मेसेज. ‘तुला एकटीला करमतं का?’ हो लिहिलं, पुसलं. नाही लिहिलं, पुसलं. शेवटी फुलाचं चित्र पाठवलं.

३० जानेवारी, गुरुवार

उज्वलाला सांगितलं, बोट सुरू झाली की कळवते. कुणी काहीही विचारो, माझं हल्ली हेच उत्तर. वाण्यालासुद्धा.

१ फेब्रुवारी, शनिवार

आलं पेपरात. तेल काढून झालं, पाणी तपासलं, उद्यापासून बोटी सुरू. चहा गार झाला तरी पेपर हातातच.

दिवसभर नुसती धावपळ. त्याच्या टेबलावरची माझी पुस्तकं उचलली. मग म्हटलं का उचलायची, परत मांडली. मग पुन्हा उचलली. दुर्बीण जागेवर ठेवली. मेथी निवडली. उद्या तो विचारणार, तुझं काय ते सांग. काय सांगू? या दोन आठवड्यांत मी जितकी सुखी होते तितकी कधी नव्हते, हे सांगू? का दर संध्याकाळी फोनची वाट बघत होते, हे? दोन्ही खरं आहे! दोन्ही खरं कसं असेल?

तो गेला तर मला चालणार नाही. तो रोज समोर असलेलाही चालत नाही. असल्या बाईने करायचं काय?

२ फेब्रुवारी, रविवार

पराठे केले. नवी साडी नेसले, मग बदलून घरातली नेसले. दुपार झाली, नाही आला. संध्याकाळी फोन. “अगं, बोट अजून बंदच आहे.” म्हटलं, अरे, पेपरात तर आलंय! “पेपरवाल्यांना काय जातंय लिहायला. इथे तरी बंद आहे.” एवढा राग आला त्या पेपरवाल्यांचा! माणसं वाट बघत बसतात आणि हे खुशाल काहीही छापतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

बोटी सुरू आहेत.

धक्क्यावर गेले होते, खरं-खोटं करायला. पोलीस नाहीत, दोरी नाही, पाणी निवळ. सहादू माणसं भरत होता. म्हटलं, अरे, कालपासून सुरू आहे? “व्हय की! साहेब तर काल पहिल्याच बोटीनं आले. भेटले न्हाईत का तुमाला?”

सखुबाईने स्टूल पुढे केलं. तीच म्हणाली, “हितंच बसले व्हते. पिशवी मांडीवर. एक चहा घेतला, मंग अजून एक. रस्त्याकडं बगत राहिले. रिक्षावाला इचारून गेला, तर नको म्हनले. मंग सहादूला म्हनले, चल माघारी. पिशवीतले पेरू मला देऊन गेले.”

असा संताप आला! म्हणजे मी पराठे करून बसलेय आणि हा इथून, अर्ध्या तासाच्या रस्त्यावरून, परत गेला? आणि वर खोटं बोलला? आत्ताच्या आत्ता जाऊन विचारते म्हटलं. तिकीट काढलं, ते केशरी जाकीट चढवलं, बोटीत जाऊन बसले. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं. पहिलंच वाक्य, खोटं का बोललास? तो म्हणणार, तुला यायला हवा होतो का मी? खरं सांग.

सहादू इंजिन सुरू करायला वाकला आणि मी उठले. “काय झालं ताई?” चष्मा घरी विसरला रे. चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने बघितला. हात देऊन उतरवलं.

मग सखुबाईकडे बसले, त्याच स्टुलावर. बोट पार पलीकडे जाईपर्यंत बघत होते. राग कुठे गेला कोण जाणे. एक चहा घेतला, मग अजून एक. निघताना तिने पेरू हातात ठेवला, “तुमचाच हाय घ्या.” रिक्षात बसून खाल्ला, न चिरता, न धुता. बिया दातात अडकल्या आणि उगाचच डोळे भरून आले.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

सकाळी उज्वलाला सांगितलं, फ्लॅट विकायचा नाही. “काकांशी बोलणं झालं?” झालं म्हटलं.

संध्याकाळी फोन आला. मागे सहादूच्या बोटीचं इंजिन स्पष्ट ऐकू येत होतं.

“अजून बंदच आहे गं,” गोविंद म्हणाला.

“हो, पेपरातही तसंच आलंय,” मी म्हटलं.

जेवणाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. ठेवता ठेवता म्हटलं, “पेरू गोड होता.”

नुसतं इंजिन. मग म्हणाला, “शनिवारी अजून पाठवतो.”