सहावं बटण

सोमवार, ३
आले एकदाची! ताईनं राहायलाच बोलावलं. भाड्याचं विचारलं तर रागावली. शिलाई मशीन हॉलमध्ये मांडलं, कापडाचे तागे कपाटात रचले. पडदे शिवून पोट भरणाऱ्या मला एवढी जागा म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! हॉल काळोखा आहे, दिवसाही दिवे लागतात. पण पाचही दिवे रिमोटवर. आळशी माणसाला आणखी काय हवं?

मंगळवार, ४
रिमोट रुसला. सेल बदलले, अगदी दिव्याखाली नेऊन धरला. ढिम्म. ताई म्हणाली, दाराशेजारी भिंतीवर पांढरी डबी आहे, तिचं बटण पाच सेकंद दाबून धर, म्हणजे रिमोट पुन्हा जोडला जाईल. माझं बोट दुखतंय, तूच दाब. दाबलं. दिवे तीनदा लुकलुकले आणि सगळे लख्ख! मी उड्या मारल्या, ताई मात्र रडायलाच लागली. वेडी कुठली, दिव्यांसाठी कुणी रडतं? मी आल्याचा आनंद, दुसरं काय.

बुधवार, ५
ताई सकाळीच एक बॅग घेऊन गेली. दोन दिवसांत येते म्हणाली. बॅग कधी भरली कोण जाणे.

गुरुवार, ६
पडदा जाळला. इस्त्री टेकवली आणि लगेच उचलली, मला एवढंच आठवतं. पण कापडाला भोक पडलं होतं आणि चहावर साय धरली होती. डुलकी लागली असणार. ताईही फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. आम्ही तिला झोपाळू म्हणून चिडवायचो.

शनिवार, ८
रिमोटला बटणं सहा, दिवे पाच. सहावं कशाचं ते बघायला वायरमनला बोलावलं. त्यानं ते दाबलं.
नंतरचं आठवतं ते हे, की माझं तोंड ओलं होतं आणि तो घामाघूम. म्हणाला, मॅडम, दहा मिनिटं झाली, तुम्ही उभ्याच होता, डोळे उघडे. पाणी मारलं, हाका मारल्या, शेवटी तेच बटण पुन्हा दाबलं तेव्हा हललात. डबीत सहा जागा आहेत म्हणे. सहाव्या जागी काही नवं जोडलं की आधीचं सुटतं.
हत्यारं इथेच टाकून तो पळाला.

रविवार, ९
रिमोटचे सेल काढले, कपाटात कुलूपबंद केले. भानावर आले तेव्हा रिमोट मशीनवर होता. सेल बसवलेले. घरात माझ्याशिवाय कुणी नाही — म्हणजे मला दिसत नाही.
ताईला फोन करून विचारलं, तुला हे सगळं माहीत होतं ना? ती नाही म्हणालीच नाही. चार वर्षं सोसलं गं, म्हणाली. कोण दाबतं ते मलाही कधी दिसलं नाही. मंगळवारी धाकटीला पाठवते, तू तिच्याकडून डबीचं बटण दाबून घे, म्हणजे सुटशील.
माझी सख्खी ताई. लहानपणी माझ्या वेण्या घालायची. मला पोरकं झाल्यासारखं वाटतंय. आमच्या धाकट्या बहिणीचं नाव तर तिनं वाण्याला यादी सांगावी तसं सांगितलं.

सोमवार, १०
पळून जायला निघाले. फाटकाला हात लावला —
खुर्चीत बसले आहे. चपला पायातच. संध्याकाळ झाली.

मंगळवार, ११
धाकटी निघाली. तिला फोन लावायला घेतला की मी विझते. तीनदा झालं.
'जरा हे बटण दाब गं.' एवढंच म्हणायचं. ताईला किती सोपं गेलं —
मला नाही जमणार. धाकटी आहे ती माझी.
वही दारातच उघडी ठेवते. आधी हेच पान दिसेल.
फाटक वाजलं.
धाकटे, आधी हे वाच. मी काहीही म्हणाले तरी दाराशेजारच्या पांढऱ्या डबीचं बटण तू